पुण्याहून सांगलीला परत: पगार, परवाना आणि पंधरा महिने

मे २०२३ मध्ये चाकणची नोकरी सोडून मी माधवनगरला घरी आले तेव्हा मनात हिशेब होता तीन महिन्यांचा. लागले पंधरा. या काळात कॉलेजातल्या तिघीचौघींनी आणि एका ओळखपाळख नसलेल्या पोरानं मला एकच प्रश्न विचारला, "सांगलीत इलेक्ट्रिकलवाल्यांना खरंच काही आहे का?" प्रत्येक वेळी फोनवर तासभर गेला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, आकड्यांसकट. आकडे माझे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील.

परत यायचं कारण अण्णा. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं दीडेक महिन्यात बरंच सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं काही वळेनात, आणि बोटं वळली नाहीत तर कॉइल कोण भरणार? २०१९ च्या पुरानंतर नदीकाठच्या गावांतल्या भिजलेल्या मोटारी दुकानासमोर रांगेनं मांडलेल्या असायच्या. सुकवायची, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावायचा, इन्सुलेशन आलं नाही की पुन्हा सुकवायची. त्या महिन्यात अण्णा रात्री दोनला जेवायचे. मी तेव्हा नुकतीच पुण्यात रुजू झाले होते आणि फोनवर "जपा हं" म्हणायचे. या वेळी तेवढ्यावर भागणार नव्हतं.

चाकणला मी विजेची पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत होते. चार वर्षांनी सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ५ लाख ४० हजार, हातात ३९ हजारांच्या आसपास. खोलीभाडं, मेस, बस, दर पंधरा दिवसांनी सांगलीची फेरी हे सगळं जाऊन पंधराएक हजार उरायचे. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चारच वर्षं झाली होती, पाच भरली नव्हती, त्यामुळे ग्रॅच्युइटीवर पाणी सोडलं. आणखी एक चूक केली, ती मात्र पूर्णपणे माझी. निघताना एचआरनं दिलेलं अनुभवाचं पत्र मी वाचलंसुद्धा नाही. फाइलला लावलं आणि गाडीत बसले. त्या पत्रानं पुढे सहा आठवडे खाल्ले.

जून-जुलै नोकरीच्या वेबसाइटवर गेला. दीड महिन्यात एकतीस ठिकाणी अर्ज केले. फोन आले चार, त्यातले तीन पुण्याचे आणि एक रांजणगावचा. जागेच्या रकान्यात "सांगली" टाकलं की विम्याच्या आणि कर्जवसुलीच्या नोकऱ्या दिसायच्या. रात्री छतावर बसून मी स्वतःलाच विचारायचे, की कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतले एवढे कारखाने, पलीकडे किर्लोस्करवाडी, जिल्हाभर साखर कारखाने, म्हैसाळ-ताकारीचे पंप, या सगळ्यांची वीज सांभाळतंय तरी कोण?

उत्तर अण्णांनी दिलं. "अगं, कंप्युटरवर कुणी सांगतंय होय हितं? काउंटरवर जाऊन उभी ऱ्हा."

काउंटर म्हणजे इलेक्ट्रिकलच्या ठोक दुकानाचा. अण्णा ज्यांच्याकडून तांब्याची तार आणि वॉर्निश घ्यायचे, त्या दुकानात मी ऑगस्टमध्ये आठवड्यातून दोन सकाळी जायला लागले. कुणी चारशे अँपिअरचा ब्रेकर मागवला, कुणाकडे केबलची मोठी ऑर्डर आहे, कुणाचा मेंटेनन्सवाला सोडून गेलाय, हे त्या काउंटरवर सगळ्यात आधी कळतं. चारशेचा ब्रेकर मागवणारा शेड वाढवतोय हे उघड आहे, आणि शेड वाढली की माणूस लागणारच. बायोडाटाच्या दहा झेरॉक्स मी तिथेच ठेवल्या होत्या. दुकानदारकाका गिऱ्हाइकाला बिलाबरोबर एक द्यायचे, "आमच्या मिस्त्रींची मुलगी, इंजिनिअर आहे" म्हणून. लाज वाटली का? पहिले दोन दिवस वाटली.

ऑगस्ट ते नोव्हेंबर सात मुलाखती झाल्या. कुपवाडच्या एका छोट्या पॅनेलवाल्यानं १६ हजार सांगितले, रोख, पीएफ नाही. त्याच्याकडे अकरा माणसं होती. वीसपेक्षा कमी माणसं असली की पीएफचा कायदा सक्तीनं लागू होत नाही, त्यामुळे तो फसवत नव्हता, पण हे आधी माहीत असलेलं बरं. एका ठिकाणी सगळं जुळत आलं आणि मालक म्हणाले, "मॅडम, तुमचं काम चांगलं असंल, पण आमच्या शॉपमध्ये लेडीज टॉयलेट नाही." मी म्हटलं, बांधा की. ते हसले. विषय संपला. एका साखर कारखान्यात २४ हजार सांगितले, हंगामात क्वार्टर मिळणार, कोजनमध्ये (उसाच्या चिपाडावर वीज बनवणाऱ्या विभागात) काम. माझा जीव अडकला होता त्यात, कारण टर्बाइन आणि सिंक्रोनायझिंग (जनरेटर ग्रिडला जुळवून जोडणं) हे शिकायला दुसरीकडे मिळत नाही. पण बाहेर पानटपरीवर तिथल्याच एका फिटरनं हळूच विचारलं, "घरचं कुणी कमावतंय नव्हं? न्हाई म्हंजे, आमचा चार म्हैन्याचा पगार तटलाय." कारखान्याचा पगार विचारताना शेवटचा पगार कधी झाला हेही विचारायचं असतं, आणि ते ऑफिसात नाही, पानटपरीवर.

शिरवळलाही जाऊन आले. पगाराच्या बाबतीत सातारा जिल्ह्याचा तो कोपरा पुण्याचाच. मला ३२ हजार सांगितले. पण शिरवळहून पुणं हाकेच्या अंतरावर आणि घर तीन-चार तासांवर, म्हणजे परत खोली, परत मेस. कराडच्या माझ्या मैत्रिणीनं मात्र तिथेच घेतली आणि ती खूश आहे. सोलरवाल्यांनी ऑक्टोबरमध्ये १८ हजार आणि पेट्रोल देऊ केलं. मी नको म्हटलं. त्याचा पुढचा भाग खाली येईल.

महावितरणचंही सांगून टाकते, कारण घरोघरी तोच विषय असतो. एमएसईबीचे २००५ मध्ये तुकडे होऊन महावितरण झालं, तरी आमच्या आईच्या तोंडी अजून "एमएसईबीत लागली असती तर." जाहिरात निघाली की अर्ज भरा, अभ्यास करा, पण त्या भरवशावर घरी बसू नका. माझ्या बॅचचे दोघं बसले आहेत, बाकी काही बोलत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच काउंटरवरून कुपवाडच्या एका फाउंड्रीचा (ओतकामाच्या कारखान्याचा) निरोप आला. मुलाखत म्हणजे मालकांनी टेबलावर विजेचं बिल सरकवलं. उच्चदाबाचं कनेक्शन, इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवणारी भट्टी). "युनिट वापरले एक लाख वीस हजार. मग हे एक लाख तेहतीस हजारांवर पैसे का लावलेत?" कॉलेजात पॉवर फॅक्टरवर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला लागते त्या प्रमाणावर) पंधरा मार्कांचा प्रश्न लिहिला होता, पण बिल हातात धरून कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं ते असं. एप्रिल २०२० पासून उच्चदाबाच्या ग्राहकांना केडब्ल्यूएचवर (कामाला लागलेल्या विजेवर) नाही, केव्हीएएचवर (घेतलेल्या एकूण विजेवर) बिल येतं. पूर्वी पॉवर फॅक्टर चांगला असला की सूट आणि वाईट असला की दंड असायचा. आता तो वेगळा दिसत नाही, युनिटमध्येच मुरलेला असतो. तुमचा ०.९ च्या आसपास पडतोय, तो सुधारणारे कपॅसिटर बघावे लागतील. आम्ही जाऊन बघितलं. आठांपैकी तीन डबे फुगले होते.

इथवर माझी कॉलर ताठ. मग त्यांनी मला सँड प्लांटच्या एका मोटारीपाशी नेलं. "ही चालत नाही. बघा." तिथले वायरमनमामा बाजूला हाताची घडी घालून उभे. स्टार-डेल्टा स्टार्टर होता, म्हणजे मोटार आधी कमी दाबावर (स्टार) उठते आणि मग पूर्ण दाबावर (डेल्टा) जाते. हिरवं बटण दाबलं की मोटार स्टारमध्ये उठायची, सात-आठ सेकंदांनी टायमर पडायचा, स्टारचा कॉन्टॅक्टर (कॉइलनं ओढला जाणारा स्विच) सुटायचा आणि मोटार हळूहळू मंद होत थांबायची. डेल्टा यायचाच नाही. मी सरळ टायमर धरला. काढला, दुसरा लावला. तसंच. डेल्टाच्या कॉइलला टर्मिनलवर डायरेक्ट सप्लाय देऊन बघितला, कॉन्टॅक्टर खाडकन ओढला, म्हणजे कॉइल ठीक. वीस मिनिटं गेली. घाम फुटला. मामा म्हणाले, "मॅडम, डेल्टा कुणाला विचारून येतो?" आणि तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. डेल्टाच्या कॉइलचा सप्लाय स्टारच्या एनसी (एरवी जोडलेल्या, स्टार ओढला की सुटणाऱ्या) कॉन्टॅक्टमधून येतो, दोन्ही एकदम ओढू नयेत म्हणून. स्टार सुटला तरी ती एनसी मिळत नसली, तर डेल्टा येणार कुठून? मेन सप्लाय बंद केला आणि मीटर लावला, तर कंटिन्यूटी नाही. उघडून बघितलं, काळा मुलामा आणि वर फाउंड्रीची बारीक वाळू. मामांनी खिशातून आधीच नवीन कॉन्टॅक्ट ब्लॉक काढून ठेवला होता. त्यांना सकाळपासून माहीत होतं.

नोकरी मिळाली. १८ डिसेंबर २०२३ ला रुजू झाले. मी २८ मागितले, ठरले २५, आणि तेही "सीटीसी". आता ही २५ हजारांची फोड बघा, कारण पहिल्या पगाराला सगळ्यांचाच चेहरा पडतो. बेसिक १३ हजार. त्यावर मालकाचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,५६०. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे ६२५, जी पाच वर्षं टिकलात तरच दिसते. हे दोन्ही आधीच वजा होऊन ग्रॉस उरला २२,८१५. त्यातून माझा पीएफ १,५६०. हातात २१,२५५. ईएसआयची (कामगार विम्याची) पगारमर्यादा २१ हजार असल्यानं मी त्यातही बसत नव्हते, म्हणजे कापही नाही आणि ईएसआयचा दवाखानाही नाही. व्यवसाय कर मात्र वाचला. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना २५ हजार पगारापर्यंत तो माफ आहे. शेजारच्या टेबलावरच्या माझ्याएवढ्याच पगाराच्या पोराचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० जायचे, त्यावरून तो मला रोज टोमणे मारायचा.

आता तो पुण्याचा आकडा आठवा. तिथे ३९ मधून पंधरा उरायचे. इथे २१ मधून पेट्रोल आणि डबा सोडून अण्णांच्या औषधांना पाच-सहा हजार गेले तरी दहा उरत होते. म्हणजे घाटा होता, पण कागदावर दिसतो तेवढा नव्हता. तरी खरं सांगते, चार वर्षांच्या अनुभवानंतर चारशे-पाचशे रुपयांसाठी घासाघीस करताना रात्री रडू आलंय.

फाउंड्रीत एक ताजा पदवीधर पोरगा होता, तासगावहून एसटीनं यायचा. त्याला अप्रेंटिस म्हणून घेतलं होतं. त्या वेळी पदवीधर अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन ९ हजार होतं आणि त्यातला निम्मा वाटा सरकार उचलायचं. नऊ हजार ऐकून नाकं मुरडली जातात. पण वर्षभरात त्यानं फर्नेसच्या पॅनेलमध्ये जेवढा हात घातला, तेवढा मी चाकणला दोन वर्षांत घातला नव्हता. अनुभव शून्य असेल तर हा रस्ता वाईट नाही. फक्त करार नोंदवलाय का ते बघा, नुसतं तोंडी "अप्रेंटिस" म्हणून राबवून घेणारेही आहेत.

जानेवारीत वायरमनमामांनीच विषय काढला. "मॅडम, तुमचं सुपरवायझर काढलंय का?" सुपरवायझर म्हणजे विद्युत पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र. विजेच्या सुरक्षिततेच्या नियमांनुसार वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानं आणि असं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं असतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आधीचे नियम २०१० चे, आता २०२३ चे आहेत. चार वर्षं कंपनीत होते तोवर याची गरजच पडली नव्हती. सही दुसरंच कुणीतरी करायचं आणि तो कोण हे मी कधी विचारलं नाही. सांगलीसारख्या ठिकाणी, जिथे निम्मं काम ठेकेदारांमार्फत चालतं, तिथे डिग्रीपेक्षा आधी हेच विचारतात, हे मला आठ महिने फिरून कळलं.

माझ्याकडे पदवी आणि अनुभव दोन्ही होतं, त्या आधारावर मी फेब्रुवारीत ऑनलाइन अर्ज भरला. मार्कशीट, पदवी, फोटो, पत्त्याचा पुरावा, अनुभवाचे दाखले. महिन्याभरानं त्रुटी निघाली, आणि ती निघायलाच हवी होती. चाकणच्या त्या न वाचलेल्या पत्रात एवढंच लिहिलं होतं की या बाई इथे अमुक ते अमुक तारखेपर्यंत सीनियर एक्झिक्युटिव्ह होत्या आणि त्यांची वागणूक चांगली होती. काम काय केलं, कोणत्या व्होल्टेजवर, इन्स्टॉलेशन की टेस्टिंग की मेंटेनन्स, एक अक्षर नाही. वाचणाऱ्याला मी अकाउंट्समध्ये होते असंही वाटू शकलं असतं. नवीन पत्रासाठी मेल, मग फोन, मग जुन्या साहेबांना फोन, शेवटी एका शनिवारी स्वतः पुण्याला. पहाटेची एसटी, जाऊन-येऊन आठशे रुपये आणि एक दिवसाची रजा. मजकूर मीच टाइप करून नेला होता, त्यांनी लेटरहेडवर छापून सही दिली. सही-शिक्क्याला अकरा मिनिटं लागली. नोकरी सोडताना शेवटच्या दिवशी हेच केलं असतं तर?

स्कॅनचंही सांगते. मोबाइलनं काढलेल्या फोटोत पदवीवरचा शिक्का उमटत नव्हता, तोही परत आला. सायबर कॅफेत बसून नीट स्कॅन करा, चाळीस-पन्नास रुपयांचा प्रश्न असतो. एकूण खर्च, फी, झेरॉक्स, पुण्याची फेरी धरून अडीच हजारांच्या आत झाला. प्रमाणपत्र हातात आलं जूनच्या शेवटी. आईनं देवापुढे ठेवलं, अण्णांनी चष्मा लावून दोन वेळा वाचलं आणि लॅमिनेट करू नको म्हणाले.

आणि मग गंमत सुरू झाली. मी कुणालाही न सांगता, त्याच काउंटरवरून, बातमी फिरली. आठवड्यात तीन फोन. पहिला त्या सोलरवाल्यांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान, आणि घराघरांवर पॅनेल चढायला लागली होती. ऑक्टोबरमध्ये १८ सांगणारे आता २४ म्हणत होते. दुसरा फोन एका गृहस्थाचा. चहाला बोलावलं आणि म्हणाले, "तुम्हाला काही करायचं नाही. नुसतं नाव लावू. महिन्याला पाच हजार घरपोच." म्हणजे त्यांनी कुठे काय जोडलंय हे मी बघायचं नाही आणि कागदावर देखरेख माझी. मला त्या वेळी पाच हजारांची गरज होती, खोटं कशाला बोलू. घरी येऊन सांगितलं तर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुणी चिकटून मेलं तर पंचनाम्यात नाव कुणाचं?" मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं. हे विचारणारे तुम्हालाही भेटतील, गोड बोलतात.

तिसरा फोन मिरजेच्या एका ठेकेदारांचा. ३० हजार, गाडीचं पेट्रोल वेगळं, कामं मिरज-कुपवाड आणि कवठेमहांकाळपर्यंत. मी यावेळी "सीटीसी का हातात" असं आधी विचारलं. त्यांनी माणसं मोजून दाखवली, चौदा. पीएफ नाही. मग मी म्हटलं, पीएफ नाही तर ३३ द्या. ३२ वर मिटलं. ५ ऑगस्ट २०२४ पासून तिथे आहे. आता मलाही महिन्याला २०० व्यवसाय कर लागतो, फाउंड्रीतल्या त्या टोमणेवाल्या पोराला हे कळवलंय. फाउंड्रीत मामांना पेढे दिले, त्यांनी एक टेस्टर भेट दिला, जुना, लाल मुठीचा.

पहिली सही महिनाअखेरीला केली. माधवनगरातल्याच एका पिठाच्या गिरणीचं वाढीव लोडचं काम होतं, त्याचा टेस्ट रिपोर्ट. मेगर लावला, अर्थिंग मोजलं (आकडा जेवढा कमी तेवढं बरं), आकडे भरले आणि खाली नाव, क्रमांक, सही. पेन दोनदा झटकावं लागलं. संध्याकाळी झेरॉक्स घरी नेली. दुकानाच्या पायरीवर अण्णा डाव्या हातानं कागद धरून बसले, सही शोधली, आणि बोट वर सरकवत एका आकड्यावर थांबले.

"अर्थिंग दोन पॉइंट आठ?"

"हो. दोन वेळा घेतलं."

"भर पावसात घेतलंस. ओल्या जमिनीत येणारच की चांगलं," ते म्हणाले. "मे महिन्यात जाऊन परत घे."

मी मोबाइलमध्ये मे २०२५ ची आठवण लावून ठेवली.